पाठमोरी : काही टिपणं

अख्ख्या ऑर्केस्ट्रात एकच माणूस असा असतो की ज्याच्याकडून एकही सूर निघत नाही, आणि परीक्षणातला पहिला परिच्छेद मात्र त्याच्याच नावावर जातो. व्हायोलिन बेसूर झालं तर ऐकू येतं. बासरी उशिरा आली तर कळतं. कंडक्टर चुकला हे कशावरून ठरवायचं? जे ऐकू आलं त्यातलं किती त्याचं, किती वादकांचं, किती तालमीतलं आणि किती आधीच्या कंडक्टरनं दहा वर्षं घोटून घेतलेलं, हे खुर्चीत बसून सांगता येत नाही. समीक्षकालाही येत नाही. मग तो जे दिसतं ते लिहितो. पाठ, हात, केस, उंची. पाठ बाईची असली की शाई जरा जास्तच वाहते.

•

बाल्टिमोर, जुलै २००५. तिथल्या सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या विश्वस्त मंडळानं मॅरिन ऑल्सॉप यांना संगीत दिग्दर्शक नेमायचं ठरवलं. अमेरिकेतला एवढा मोठा ऑर्केस्ट्रा बाईच्या हाती जाण्याची ही पहिली वेळ. मंडळाचं मतदान व्हायच्या आतच वादकांच्या समितीनं जाहीर निवेदन काढलं : घाई करू नका, शोध चालू ठेवा. बहुतेक वादकांचं हेच म्हणणं आहे, असंही सांगितलं. मंडळानं तरीही नेमणूक केली.

वर्तमानपत्रांना बातमी आयती मिळाली. वादक विरुद्ध बाई. वादक म्हणत होते, प्रश्न बाईचा नाही, पद्धतीचा आहे. ऑर्केस्ट्रा तोट्यात होता आणि मंडळ आपल्याला विचारात घेत नाही ही त्यांची खदखद होती. मला ती खोटी वाटत नाही. ज्याच्या हाताकडे बघून रोज वाजवायचं तो कोण असावा, हे वाजवणाऱ्यांनी ठरवावं, यात गैर काय? बर्लिन फिलहार्मोनिकचे वादक आपला प्रमुख मतदानानं निवडतात. पण भांडण मंडळाशी आणि चव्हाट्यावर नाव ऑल्सॉप यांचं, असं झालं. त्या तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या. डेन्व्हरच्या कोलोरॅडो सिम्फनीत बारा वर्षं काढलेली, इंग्लंडमधल्या बोर्नमथच्या ऑर्केस्ट्राच्या प्रमुख, २००३ साली ‘ग्रामोफोन’ मासिकाच्या वर्षातल्या सर्वोत्तम कलाकार. तरी बातम्यांचा सूर ‘ही नवी कोण?’ असाच.

त्यांनी काय केलं, तर व्यवस्थापनातल्या कुणालाही सोबत न घेता त्या एकट्या वादकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि बोलल्या. मग पद स्वीकारलं. २००७ साली सूत्रं हाती घेतली, २०२१ साली सोडली. चौदा हंगाम. नको असलेला माणूस एवढा टिकत नाही.

•

त्याच २००५ च्या सप्टेंबरमध्ये ऑल्सॉप यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. पाच लाख डॉलर. कंडक्टरला ती मिळण्याचा हा पहिला प्रसंग. जुलैत वादक नको म्हणतात, सप्टेंबरात जाणकारांचं मंडळ असामान्य ठरवतं. मधल्या दोन महिन्यांत त्यांचा हात बदलला असेल असं वाटत नाही.

•

बाल्टिमोरमधला त्यांच्या आधीचा संगीत दिग्दर्शक युरी तेमिरकानोव. रशियन, मोठा माणूस, चायकोव्स्की असा वाजवून घ्यायचा की बोलायची सोय नाही. २०१२ साली एका मुलाखतीत त्याला बायकांच्या कंडक्टर होण्याबद्दल विचारलं. त्याचं उत्तर असं, की या धंद्याचं सार आहे ताकद आणि बाईचं सार आहे दुबळेपण. हे म्हणताना त्याच्याच बाल्टिमोरच्या चौथऱ्यावर एक बाई पाच वर्षं उभी होती.

•

गिऱ्हाइकांचं काय? म्हणजे श्रोत्यांचं. २००७-०८ च्या हंगामात बाल्टिमोरच्या ऑर्केस्ट्रानं एका बँकेच्या मदतीनं वर्गणीदारांसाठी सगळ्या खुर्च्यांचा भाव सरसकट पंचवीस डॉलर ठेवला. पहिली रांग असो, शेवटची असो. ऑल्सॉप श्रोत्यांकडे वळून बोलायच्या, रचनेबद्दल दोन गोष्टी सांगायच्या. मॅकआर्थरच्या पैशातले एक लाख डॉलर घालून २००८ साली त्यांनी मुलांना वाद्यं शिकवणारं ‘ऑर्ककिड्स’ सुरू केलं. पश्चिम बाल्टिमोरमधल्या गरीब वस्तीतली एक शाळा, पहिलीतली तीस मुलं. पुढे हौशी वादकांना ऑर्केस्ट्रात धंदेवाईक वादकांच्या शेजारी बसून वाजवायची संधी दिली. त्या उपक्रमाचं नाव ‘रस्टी म्युझिशियन्स’, गंज चढलेले वादक.

सनदी समीक्षकाला हे सगळं ‘संगीताबाहेरचं’ वाटतं. तो शेवटी विचारतो, ते ठीक आहे, पण ब्राम्स कसा झाला? प्रश्न रास्तच आहे. पण ज्या आईचं पोर तिथे चेलो शिकतं किंवा ज्या निवृत्त शिक्षकानं चाळीस वर्षांनी क्लॅरिनेट बाहेर काढली, त्यांच्यासाठी कंडक्टर म्हणजे फक्त ब्राम्स नव्हे. समीक्षक एका संध्याकाळचा हिशेब मांडतो, वर्गणीदार दहा वर्षांचा. दोघांचे आकडे जुळायचे कसे?

•

तर, ब्राम्स. लंडन फिलहार्मोनिकबरोबर ऑल्सॉप यांनी नॅक्सॉस कंपनीसाठी त्याच्या चारही सिम्फन्या ध्वनिमुद्रित केल्या. मी पुन्हा ऐकल्या. सगळं जागच्या जागी आहे. लय ओढलेली नाही, पितळी वाद्यं डोक्यावर बसत नाहीत, अंतर्गत आवाज स्वच्छ. पण चौथ्या सिम्फनीच्या शेवटच्या भागात जी फरफट व्हायला हवी ती होत नाही. नीटनेटकं आहे, इतकंच. त्याच कंपनीसाठी त्यांनी रॉयल स्कॉटिश नॅशनल ऑर्केस्ट्राबरोबर सॅम्युएल बार्बर केला आहे, तो मात्र अव्वल. तिथे हात सैल सुटलाय. अमेरिकन संगीत त्यांच्या अंगात आहे.

हे लिहिताना हात थोडा अडखळला. त्यांचा ब्राम्स आवडला नाही म्हटलं की आपण आपोआप तेमिरकानोवच्या बाकावर जाऊन बसतो की काय? हा या प्रकरणातला नवा त्रास. पूर्वी बाईची स्तुती करायला धीर लागायचा, आता नावडतं म्हणायला लागतो. दोन्हींत संगीत मागे पडतं. कुठल्याही मध्यम दर्जाच्या पुरुष कंडक्टरला निवांतपणे नापसंत करता येतं. तो घरी जाऊन झोपतो, आपणही. ऑल्सॉप यांचा ब्राम्स मला तसाच नापसंत आहे, बाकी काही नाही.

•

ऑल्सॉप यांचे आईवडील दोघेही न्यूयॉर्क सिटी बॅलेच्या ऑर्केस्ट्रात वादक. नऊ वर्षांच्या मुलीला वडिलांनी कंडक्टर लेनर्ड बर्नस्टाइनच्या मैफलीला नेलं. मुलीनं ठरवलं, आपण हेच करायचं. व्हायोलिनच्या बाई म्हणाल्या, मुली हे करत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी तिच्यासमोर एक पेटी ठेवली. आत कंडक्टरच्या छड्या.

पुढे बर्नस्टाइन तिचा गुरू झाला. तो एकदा तिला म्हणाला होता, डोळे मिटून ऐकलं की तू बाई आहेस हे कळत नाही. स्वभावानं तो उदार आणि हेतू कौतुकाचा, हे मानायला हवं. ती म्हणाली, डोळे मिटून बरं वाटत असेल तर मिटा.

•

आपल्याकडे हे कौतुक वेगळ्या कपड्यांत भेटतं. गंगूबाई हनगलांचा आवाज रेडिओवर ऐकून गायक पुरुष आहे असं समजणारे होते. ‘मर्दानी गाणं’ ही आपल्या जुन्या समीक्षेतली मोठी पदवी. देणाऱ्याला वाटायचं आपण बाईंना वरच्या पायरीवर चढवलं. फरक एवढाच, की गंगूबाईंनी तोंड उघडलं की वाद मिटायचा. षड्ज लागला तो लागला. कंडक्टरला ती सोय नाही. तिचा षड्ज दुसऱ्यांच्या गळ्यात असतो.

•

हातांबद्दल. ऑल्सॉप अनेकदा सांगत आल्या आहेत की तोच हावभाव पुरुषानं केला तर एक अर्थ होतो, बाईनं केला तर दुसरा. मऊ स्वरासाठी पुरुषानं बोटं हलकेच उचलली तर तो संवेदनशील. बाईनं तेच केलं तर नाजूक, मिळमिळीत. पितळी वाद्यांकडून दणका हवा म्हणून पुरुषानं मूठ आवळली तर दरारा, बाईनं आवळली तर आक्रस्ताळी. म्हणून विद्यार्थिनींना त्या प्रत्येक हालचाल निरखायला लावतात.

इथे दुसरी बाजूही नोंदवतो. बर्नस्टाइन चौथऱ्यावर उड्या मारायचा आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा हॅरल्ड शोनबर्ग वर्षानुवर्षं त्याची टर उडवायचा. म्हणजे नाचरेपणाची थट्टा पुरुषाचीही झाली आहे. पण त्यावरून पुरुषांनी हा धंदा करू नये असा निष्कर्ष शोनबर्गनं काढला नाही.

•

पडदा. अमेरिकेत ऑर्केस्ट्राची जागा भरताना उमेदवार पडद्याआड वाजवतो. काही ठिकाणी बुटांच्या टाचा ऐकू येऊ नयेत म्हणून जाजमही अंथरतात. मग नुसता आवाज उरतो. कंडक्टरची परीक्षा पडद्याआड घेता येत नाही, कारण दिसणं हेच त्याचं हत्यार.

आणि आवाज उरला म्हणजे न्याय होतोच असं नाही. बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये १९८२-८३ साली प्रमुख कंडक्टर कारायानला क्लॅरिनेटसाठी झाबिने मायर हवी होती. वादकांनी ७३ विरुद्ध ४ मतांनी नाकारलं. कारण दिलं, तिचा ध्वनी आमच्यात मिसळत नाही. तिथे ऐकू येत होतं, तरी वाद झालाच.

•

सप्टेंबर २०१३. लंडनच्या प्रॉम्सची शेवटची रात्र. १८९५ पासून चालत आलेल्या या महोत्सवाची ही रात्र पहिल्यांदा बाईनं चालवली : पुन्हा ऑल्सॉपच. भाषणात त्या म्हणाल्या, २०१३ सालीही बायकांसाठी ‘पहिल्यांदा’ शिल्लक आहे याचा धक्का बसतो. सभागृहानं टाळ्यांचा गजर केला.

त्याच सुमारास वासिली पेत्रेंको या तरुण, लोकप्रिय, लिव्हरपूलच्या लाडक्या कंडक्टरची नॉर्वेच्या वर्तमानपत्रातली मुलाखत गाजत होती. समोर पुरुष असला की वादकांचं लक्ष कामात राहतं, गोड मुलगी असली की मन भलतीकडे जातं, असा मतलब. नंतर म्हणाला, मी रशियातल्या परिस्थितीबद्दल बोलत होतो. पुढच्या वर्षी फिनलंडचे योर्मा पानुला. तिथल्या कंडक्टरांच्या पिढ्या घडवणारे गुरू. टीव्हीवर म्हणाले, बायकांनी बायकी संगीत करावं, दब्युसी वगैरे ठीक, ब्रुकनर आणि स्ट्राविन्स्की नको. गंमत म्हणजे सुसाना माल्की ही त्यांचीच विद्यार्थिनी. २०१६ साली ती हेलसिंकी फिलहार्मोनिकची प्रमुख झाली. गुरूच्या बोलण्यापेक्षा गुरूची शिकवणी चांगली निघाली.

•

जर्मनीत बायरॉइटला वाग्नरनं बांधून घेतलेलं नाट्यगृह आहे. तिथे ऑर्केस्ट्राचा खड्डा रंगमंचाखाली खोल उतरत जातो आणि वर झाकण. प्रेक्षकाला ना वादक दिसत ना कंडक्टर. म्हणजे या सगळ्या वादासाठी जगातली सर्वांत योग्य जागा. तरी १८७६ पासून २०२१ पर्यंत तिथे एकाही बाईनं छडी धरली नव्हती. न दिसणाऱ्या जागी तरी कुणाची अडचण होती?

२०२१ च्या २५ जुलैला युक्रेनच्या ओक्साना लिनीव यांनी ‘फ्लाइंग डचमन’ वाजवून घेतलं. पहिली संपूर्ण संध्याकाळ लोकांनी त्यांना न बघता ऐकली. पडदा पडल्यावर त्या वर आल्या तेव्हा जोरदार दाद मिळाली. त्याच प्रेक्षकांनी नाटक बसवणाऱ्या दिग्दर्शकाची हुर्यो उडवली. बायरॉइटचा प्रेक्षक असा तिखट, सहानुभूतीनं टाळ्या वाजवणाऱ्यातला नाही. २०२३ साली नाताली श्टुट्समान ‘टानहॉयझर’साठी आल्या, २०२४ साली सिमोन यंग अख्खं ‘रिंग’ घेऊन. एकशे पंचेचाळीस वर्षं शून्य आणि मग चार वर्षांत तीन.

•

बर्मिंगहॅमचं प्रकरण मला सगळ्यात आवडतं, कारण तिथे भांडण झालं नाही.

मिर्गा ग्राझिनीते-तीला. जन्म १९८६, विल्नियस, लिथुएनिया. सुरुवात गायनवृंदापासून, मग ग्राझ, लाइपझिग, झुरिक असं शिक्षण, २०१२ साली साल्झबुर्गचा तरुण कंडक्टरांचा पुरस्कार, लॉस एंजेलिसमध्ये उमेदवारी. जुलै २०१५ मध्ये बर्मिंगहॅमच्या ऑर्केस्ट्रापुढे पहिल्यांदा उभी राहिली. पुन्हा बघायला म्हणून जानेवारीत घाईघाईनं एक जादा मैफल घेतली गेली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये नेमणूक जाहीर. वय एकोणतीस. वादकांचीच पसंती होती.

बाहेरच्या वृत्तपत्रांना दिसली ‘तरुण बाई’. बर्मिंगहॅमच्या श्रोत्यांना दिसला क्रम. १९८० साली त्यांनी पंचविशीतल्या सायमन रॅटलला घेतलं होतं, त्यानंतर साकारी ओरामो, मग आंद्रिस नेल्सन्स, तोही असाच कोवळा. अनोळखी तरुणाला घ्यायचं, मोठं करायचं, जगाला देऊन टाकायचं, ही त्या शहराची सवय. हॉल काठोकाठ भरून त्यांनी तिचंही तेच केलं. ऑर्केस्ट्राच्या जाहिरातींतही ती नुसती ‘मिर्गा’. यावर काहींचा आक्षेप होता, की पुरुषाला कुणी पहिल्या नावानं हाक मारतं का? मारतात. रॅटल त्यांच्यासाठी सायमनच होता. शिवाय ते आडनाव इंग्रज जिभेवर बसणं कठीण.

ती सगळ्या अंगानं संचालन करते. खांदे, गुडघे, कंबर, सगळं. परीक्षणांत हटकून ‘नृत्य’ येतं, कधी कौतुकानं, कधी नाक मुरडून. मला व्हिडिओवर ते जरा जास्त वाटतं. म्हणून पडदा बंद करून नुसतं ऐकलं. जास्त काहीच नव्हतं. उलट पियानिसिमो इतका ताणून धरलेला, की खोलीतला पंखा बंद करावा लागला.

•

मिर्गाचं खरं काम वाइनबर्ग. मिएचिस्लाव वाइनबर्ग, वॉर्सामध्ये १९१९ साली जन्मलेला ज्यू संगीतकार. १९३९ साली जर्मन आले तेव्हा एकटा पूर्वेकडे पळाला. आईवडील आणि बहीण मागे राहिले, मारले गेले. तो मॉस्कोत जगला, स्टालिनच्या काळात तुरुंगातही गेला, १९९६ साली वारला. एकवीस-बावीस सिम्फन्या लिहून ठेवलेला हा माणूस पश्चिमेत कुणाच्या खिजगणतीत नव्हता.

एकविसावी सिम्फनी, ‘कादिश’, १९९१ ची, वॉर्साच्या घेट्टोत मेलेल्यांसाठी. २०१९ साली डॉयच ग्रामोफोननं मिर्गाशी करार केला. त्या कंपनीशी खास करार झालेली ती पहिली बाई कंडक्टर. आणि करार झाल्यावर पहिली तबकडी कुठली, तर बेथोव्हन नाही, ब्राम्स नाही, ही. सोबत दुसरी सिम्फनी, आणि व्हायोलिनवादक गिडॉन क्रेमर व त्याचा वाद्यवृंद. धंद्याच्या दृष्टीनं वेडेपणा. २०२० साली ‘ग्रामोफोन’नं तिला वर्षातली सर्वोत्तम ध्वनिमुद्रिका ठरवलं.

सिम्फनीच्या शेवटाकडे एक बाईचा आवाज येतो, शब्दांविना. कुणी मोठी सोप्रानो बोलावता आली असती. गायलीय मिर्गा स्वतः. कसलेल्या ऑपेराचा गळा नाही, पोरका, सरळ, थोडा उघडा. काहींना तो कच्चा वाटेल. मला त्या जागी दुसरा नको.

•

२०२१ च्या जानेवारीत मिर्गानं सांगितलं की पुढच्या हंगामानंतर बर्मिंगहॅमचं पद सोडणार. कारण : संगीत दिग्दर्शकपदाबरोबर येणारा कारभार, बैठका, जबाबदाऱ्या यांतून मोकळं व्हायचंय. तोवर तिला दोन मुलं झाली होती, त्यामुळे पुढचं गणित ज्यानं त्यानं आपापलं मांडलं. ती मात्र २०२४ साली साल्झबुर्गला व्हिएन्ना फिलहार्मोनिकपुढे उभी राहून वाइनबर्गचाच ‘इडियट’ हा ऑपेरा करत होती. या व्हिएन्ना फिलहार्मोनिकनं १९९७ पर्यंत एकाही बाईला सभासद केलं नव्हतं. हार्प वाजवणाऱ्या आना लेल्केश वीसहून अधिक वर्षं त्यांच्यात बसून वाजवत होत्या, सभासद नसताना.

•

‘टार’ हा सिनेमा, २०२२. केट ब्लँचेट, काल्पनिक कंडक्टर, सत्तेचा गैरवापर करणारी. तिच्या तोंडी ऑल्सॉप यांचं नावही येतं, आणि बायकांसाठी शिष्यवृत्ती चालवणारी तिची संस्था ऑल्सॉप यांच्या संस्थेची आठवण करून देते. ऑल्सॉप भडकल्या : पुरुषांची इतकी खरी उदाहरणं असताना हा सिनेमा बाईवर का? त्यांचा राग समजतो, सिनेमा मात्र मला चांगला वाटला. दोन्ही खरं असायला हरकत नसावी.

•

आणखी एक कंडक्टर, अँटोनिया ब्रिको, जन्म १९०२, रॉटरडॅम. १९३० साली बर्लिन फिलहार्मोनिकपुढे उभी राहिली, परीक्षणं चांगली आली. न्यूयॉर्कला बायकांचा ऑर्केस्ट्रा काढला. मग आमंत्रणं आटली. डेन्व्हरमध्ये हौशी वादकांना घेऊन आणि पियानोच्या शिकवण्या घेऊन दिवस काढले. त्या शिकवणीतली एक मुलगी, ज्युडी कॉलिन्स, पुढे प्रसिद्ध गायिका झाली आणि तिनं १९७४ साली बाईंवर माहितीपट केला. तो गाजल्यावर मोठ्या ऑर्केस्ट्रांची पुन्हा आमंत्रणं आली. तेव्हा ब्रिको बहात्तर वर्षांच्या होत्या. चांगल्या परीक्षणांनी जे झालं नाही ते सिनेमानं झालं. समीक्षकांच्या वजनाबद्दल कुणी फार बोलायला लागलं की मला हे आठवतं.

•

वाचकांपैकी कुणाला ऐकायचं असेल तर बार्बरपासून सुरुवात करा, ऑल्सॉप आणि स्कॉटिश ऑर्केस्ट्रा. वाइनबर्गची एकविसावी नंतर. तिचे सहा भाग मध्ये न थांबता एकापाठोपाठ येतात आणि सगळं मिळून तासाला थोडंच कमी पडतं, तेव्हा स्वयंपाक करताना लावू नका.